हजार विड्या आणि दहा टक्के

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, आवाजात नुसता आनंद, "मॅडम, सात टक्के आलं!" मला आधी कळेचना कशाचं. मग लक्षात आलं की प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासून आलाय आणि मजकुराचं साम्य सातच टक्के निघालंय, म्हणजे दहाच्या आत, म्हणजे आता कुठं अडणार नाही. मी अभिनंदन केलं, आणि सहज विचारलं की अरे फील्डवर्कला किती दिवस गेला होतास, कोण कोण भेटलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "झालं की मॅडम ते." बस. मी पण पुढं काही विचारलं नाही, फोन ठेवला, आणि तेव्हापासून तो न विचारलेला प्रश्न मला टोचतोय म्हणून हे लिहायला बसले.

नियम काय आहे ते आधी सांगते, कारण पीएचडी करणाऱ्या बऱ्याच पोरांना सुद्धा त्यातला एक आकडाच माहीत असतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम काढले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देताच येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. विभागात एक समिती आणि संस्थेची वर एक समिती हवी असंही त्यात आहे. मी या नियमांच्या बाजूचीच आहे. त्याआधी काय चालायचं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, अख्खा प्रबंध उचललेला, तालुक्याचं नाव तेवढं बदललेलं, आणि एखाद्या पानावर ते बदलायचं पण राहून गेलेलं.

पण झालं असं की ते दहा टक्के आता दहावीच्या पस्तीस मार्कांसारखे झालेत. आत आला की पास. गाइड पण तेच विचारतात, विद्यार्थी पण तेच सांगतात, आणि प्रामाणिकपणा नावाची जी काही गोष्ट होती ती एका रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापून येते अशी सगळ्यांची समजूत झालीय.

ते मशीन बघतं तरी काय? शब्द दुसऱ्या कुठल्या मजकुराशी जुळतात का, एवढंच. आणि मराठीत तर तेवढं पण धड होत नाही. आपल्याकडचे कितीतरी जुने प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप झालेत, कागदावर ते मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या आत ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते, युनिकोडमध्ये नीट बदलून घेतलं नाही तर मशीनला त्यात मराठी दिसणारच नाही. काही प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत पण पानांचे फोटो म्हणून. शिवाय इंग्रजी प्रबंध मशीननेच मराठीत उतरवला तर शब्द जुळणार कशाशी? इंग्रजीत वेगळी युक्ती चालते, सॉफ्टवेअरने समानार्थी शब्द घालायचे. २०२१ मध्ये गिओम कबानाक या फ्रेंच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या पेपरांमध्ये असे वाकडे केलेले शब्द शोधून दाखवले, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं काउंटरफीट कॉन्शसनेस झालेलं आणि ब्रेस्ट कॅन्सरचं बोझम पेरिल. हे छापणाऱ्याने वाचलं नाही, तपासणाऱ्याने वाचलं नाही, आणि ज्याचं नाव वर आहे त्याने पण वाचलं नाही.

बरं समजा उद्या हे मशीन एकदम अचूक झालं, सगळे फॉन्ट वाचायला लागलं, तरी ते एक गोष्ट कधीच सांगू शकणार नाही, की हा माणूस आपल्या सोलापूरजवळच्या कुंभारीला, विडी कामगारांच्या वस्तीत, गेला होता का नाही. आणि माझं भांडण त्यासाठीच आहे. उचललेला मजकूर निदान कुणीतरी कष्ट करून लिहिलेला असतो. घरी बसून भरलेली प्रश्नावली कुणाचीच नसते, ती एकदम नवीकोरी असते, शून्य टक्के साम्य.

हे मला कसं माहीत? मी स्वतः भरलेत असले फॉर्म. एम.ए.ला होते तेव्हा ओळखीतल्या एका सीनियर ताईचं पीएचडीचं काम अडलं होतं, तारीख जवळ आलेली, आणि आम्ही चौघी मैत्रिणी एका रात्री तिच्या खोलीवर बसून विडी कामगार बायकांचे साठेक फॉर्म भरले. तिने आधीच सांगितलं होतं की पेन बदलत राहा, अक्षर कधी तिरकं काढा, काही कागदांना चहाचा डाग पडू दे, घड्या घाला. आम्हाला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं, मदत करतोय असंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री आम्ही खूप हसलो होतो. लक्ष्मी, अंबुबाई, नरसम्मा अशी नावं आम्ही गल्लीतल्या ओळखीच्या बायकांची घातली. वय घालताना आमच्यातली एक म्हणाली की सारखं तीस-पस्तीस नको, खरं वाटायला पाहिजे, म्हणून २७, ३४, ४१, ३८ असं घालत गेलो.

ते किती खोटं होतं हे मला २०१२ मध्ये कळलं, जेव्हा मी माझ्या स्वतःच्या कामासाठी खरंच दारोदार फिरले, नीलमनगर, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्या, आणि कुंभारीचं विडी घरकुल. खऱ्या बाईला वय विचारलं की ती ४१ सांगत नाही. ती म्हणते चाळीस असंल बघा, किंवा मोठ्या पोराच्या वयावरून हिशोब लावते, किंवा शेजारणीला विचारते. खऱ्या फॉर्मवर वयं ३०, ३५, ४०, ४५ अशी गोळा होतात, लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे आणि ते मोजायला त्यांच्याकडे सूत्र पण आहे. खऱ्या फॉर्मवर रकाने रिकामे असतात. माहीत नाही, सांगणार नाही, नवरा घरात आहे नंतर या, असं सगळं असतं. आमचे साठ फॉर्म मात्र कसे गच्च भरलेले होते. जरा कुणी ते फॉर्म हातात घेऊन पाच मिनिटं बघितले असते तरी कळलं असतं. कुणी बघितले नाहीत. त्या प्रबंधाला पदवी मिळाली, आणि ते आकडे पुढं दुसऱ्या कुणी वापरले असतील तर मला त्याचा पत्ता नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते.

नेदरलँड्समधल्या टिलबुर्ग विद्यापीठात डिडेरिक स्टापेल नावाचा एक फार नावाजलेला मानसशास्त्राचा प्राध्यापक होता. तो विद्यार्थ्यांना सांगायचा की शाळांमध्ये जाऊन माहिती मीच गोळा करून आणतो, तुम्ही त्रास घेऊ नका, आणि थोड्या दिवसांनी तयार आकडे हातात द्यायचा. ते सगळे त्याने घरी बसून बनवलेले होते. त्याच्या विद्यार्थ्यांचे कितीतरी पीएचडीचे प्रबंध त्या बनवलेल्या आकड्यांवर उभे राहिले, त्या बिचाऱ्यांना माहीत पण नव्हतं. २०११ मध्ये हे उघडकीला आलं आणि पुढं त्याचे पन्नासच्या वर पेपर मागे घ्यावे लागले. त्याला कुठल्या सॉफ्टवेअरने पकडलं नाही, त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांना आकडे फार गोड वाटायला लागले, त्यांनी गुपचूप महिनोनमहिने लक्ष ठेवलं आणि मग वरच्यांकडे गेले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्यांना जायला वर कुणीतरी होतं आणि त्याने ऐकून घेतलं.

आपल्याकडे काय झालं ते पण बघा. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता हिमालयात सापडले म्हणून जीवाश्मांवर पेपर लिहीत राहिले, एक-दोन नाही, पंचवीसेक वर्षं. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं की यातले कितीतरी नमुने हिमालयातले असूच शकत नाहीत, काही मोरोक्कोच्या बाजारात मिळतात तसले आहेत, काही न्यूयॉर्ककडचे. इतकी वर्षं सहलेखक होते, मार्गदर्शन घेणारे विद्यार्थी होते, पेपर तपासणारे होते, कुणीच म्हणलं नाही की सर एकदा ती जागा दाखवा. गुप्तांची नोकरी पण गेली नाही, ते विद्यापीठातच राहिले. आणि हिमालयाच्या भूगर्भाच्या अभ्यासात मिसळलेलं ते खोटं वेगळं काढायला पुढच्या लोकांची वर्षं गेली.

"जागा दाखवा" म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. गाइडला नाही म्हणायचं नाही, आणि गाइडने पण विद्यार्थ्याला फार खोदून विचारायचं नाही, एकमेकांना सांभाळून घ्यायचं. माझ्या वेळी ठरलेला नमुना ३०० बायकांचा होता. प्रत्यक्षात २१२ झाल्या, कारण एक मुलाखत नीट करायची तर दीड-दोन तास जातात आणि तेवढ्या वेळात त्या बाईच्या शंभर-दीडशे विड्या होतात, ती किती वेळा थांबणार? मला एका जबाबदार माणसाने अगदी मायेनं सांगितलं, "उरलेले ८८ ॲडजस्ट करा, वर्ष वाया घालवू नका." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माझं भलंच करायचं होतं. मी २१२ वरच अडून बसले आणि त्यात माझे सात-आठ महिने गेले, आणि मी हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, ते साठ फॉर्म डोक्यात नसते तर मी पण ॲडजस्ट केले असते.

आता त्या हजाराबद्दल सांगते. माझ्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता, रोज किती विड्या वळता? पहिल्या पंधरा-वीस बायकांनी एकच उत्तर दिलं, हजार. मला आनंद झाला, किती सुसंगत माहिती! मजुरी हजारावर असते, हिशोब हजारावर असतो, म्हणजे बरोबरच असणार. मग एक म्हातारी अक्का, घरात तेलुगू बोलणारी पण मराठी एकदम फर्डं, पानं कापता कापता मला म्हणाली, "मॅडम, सगळ्याच हजार सांगत्यात. तुमी कारखान्यात जाऊन सांगितलं तर? हजार लिवा की, कुणाचं काय जात नाही." मग तीच हळूहळू बोलायला लागली. एकटीच्या हातानं सातशे होतात, कधी सहाशे. बाकीच्या सून करते आणि शाळेतून आल्यावर नात करते, पण कार्डावर नाव एकीचंच असतं. वर छाट निघते, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढतात, ती वेगळीच, पानं आणि तंबाखू कमी पडली तर ती पदरची घालायची. म्हणजे माझ्या त्या एका रकान्यात, जिथं मी हजार लिहून पुढं जाणार होते, तिथं एका पोरीची शाळा, एका सुनेचं कुठंच नाव नसलेलं काम आणि एका बाईची नोकरी जायची भीती दडलेली होती.

मी तेव्हा तिची संमती घेतलीच होती ना, फॉर्मवर अंगठा होता! पण फॉर्म मराठीत छापलेला, घरात भाषा तेलुगू, आणि मी कोण आहे, हे कागद कुठं जाणार, कारखान्याला कळणार का नाही, हे मी तिला नीट सांगितलंच नव्हतं. ते सांगितल्यावर मी आधीच्या वीस घरांत परत गेले आणि चौदा ठिकाणी आकडा बदलला. संशोधनाची नीती म्हणून जे काही शिकवतात ते मला तिथं कळलं, की समोरच्या माणसाशी नीट वागलं नाही तर माहिती पण चुकीची येते. आता पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये दोन क्रेडिटचा, ३० तासांचा रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा पेपर सक्तीचा आहे, चांगलंच आहे, पण तो वर्गात संपतो. मेडिकल कॉलेजांत निदान एथिक्स कमिटी असते, आमच्या सामाजिक शास्त्रांत प्रश्नावली कुठल्या समितीपुढं ठेवलेली मी तरी फार क्वचित पाहिलीय.

संमती म्हणजे सही असं धरून चाललं की काय होतं ते आपल्या शेजारीच घडलंय. २००९ मध्ये खम्मम जिल्ह्यात, म्हणजे ज्या तेलंगणातून सोलापूरच्या पूर्व भागातली विणकरांची घरं आली त्याच तेलंगणात, आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस देण्याचा एक अभ्यास प्रकल्प झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, ज्या मुली दगावल्या त्यांचा लसीशी बहुधा संबंध नव्हता असंच चौकशी समितीने म्हटलं. पण कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर फार कडक शब्दांत लिहिलं. त्या सह्यांमुळे चांगल्या लसीबद्दल सुद्धा लोकांच्या मनात जो संशय बसला तो निघायला किती वर्षं लागली असतील!

सोलापूरसाठी हे सगळं जास्त लागू आहे असं मला वाटतं. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं आणि ते एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ आहे. म्हणजे आपण ज्यांच्यावर संशोधन करतो ते लोक लांब कुठं राहत नाहीत, ते आपल्या रिक्षात बसतात, आपल्या गल्लीत राहतात, त्यांचीच मुलं आपल्या वर्गात बसतात. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, सांगोल्याचा डाळिंबवाला, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, यांच्यावर किती प्रबंध झाले असतील! आता कुंभारीला रे नगर उभं राहिलंय, जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरं कामगारांच्या ताब्यात दिली, तिथं पण प्रश्नावल्या घेऊन पोरं जाणार, गेली पण असतील. तिथल्या बायकांनी उद्या विचारलं की आमच्याबद्दल काय लिहिलंत ते दाखवा, तर आपल्याला तोंड दाखवता आलं पाहिजे.

आणि खोट्या आकड्याची किंमत शेवटी कोण भरतं? १९३० च्या दशकात आपल्या मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करत करत मालदांडी ३५-१ हे वाण काढलं. आज जवळजवळ नव्वद वर्षं झाली, आपल्या कोरडवाहू काळ्या रानात रब्बीला ती अजून पेरली जाते, आपण तिचीच भाकरी खातो. ज्यांनी ती निवडली त्यांनी दुष्काळाच्या वर्षाचं उत्पन्न वाढवून लिहिलं असतं तर? कुणाला पेपरात चूक दिसली नसती, शेतकऱ्याला रानात दिसली असती. तसंच डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं आहे. सांगोल्याकडं तेल्याने बागा काढून टाकलेली घरं मी पाहिलीत. अमुक फवारणीने तेल्या आटोक्यात येतो असं कुणी चार झाडं बघून लिहिलं, आणि बाकीची झाडं मनानेच घातली, तर त्या लिहिणाऱ्याला पदवी मिळेल आणि त्या फवारणीचं बिल शेतकरी भरेल. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ पण केगावलाच, इतक्या जवळ हे सगळं आहे.

पेपर छापण्याच्या धंद्याबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाचे कामगिरीचे गुण लावले आणि पेपर म्हणजे गुण झाले. "आयएसएसएन आहे ना?" हा प्रश्न तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये ऐकतेय. आयएसएसएन हा नुसता आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही, पण आपल्याकडे तो आयएसआय मार्कासारखा दाखवला गेला. मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांच्या स्वतःच्याच यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली, मग पुण्याच्या विद्यापीठात केंद्र करून केअर लिस्ट ही नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पण बंद केली. यादी कुठलीही असो, विभागातल्या माणसांनी तो पेपर बसून वाचला का, एवढंच मला विचारायचंय. वाचत कोण नाही, मोजतात सगळे.

आता माझे सहकारी काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण हे मी बोलले की तेच ऐकते. ते म्हणतात, पोरं गरीब घरची आहेत, बाप कोरडवाहू शेती करतो, वयाची तिशी आली, फेलोशिप वेळेवर येत नाही, यूजीसी कधी म्हणतं प्राध्यापक व्हायला पीएचडी पाहिजेच, मग तारीख पुढं ढकलतं, मग २०२३ मध्ये म्हणतं नेट-सेट असेल तरी चालेल, मधल्या मध्ये पोरांनी चार-पाच वर्षं घातली त्याचं काय, आणि तुम्ही त्यांना नीती शिकवताय. यातला शब्द न शब्द खरा आहे. मी पण त्याच घरातनं आलेय. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार असं बोललं गेलं तेव्हा मला पण फार राग आला होता. पण म्हणूनच तर म्हणते की आपल्या पोरांच्या कामावर कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. गरिबीने अडलेल्या पोराची दया करायची तर त्याला वेळ द्या, फिरायला पैसे द्या, नमुना लहान घेऊ द्या. खोटे फॉर्म भरू दिले तर ते दुसऱ्या गरिबाच्या नावावर भरले जातात, हे मी कसं विसरू?

मी काय करा म्हणते ते सांगते. दहा टक्के आवडत असतील तर ते दहा टक्के इथं वापरा, प्रत्येक प्रबंधातले दहा टक्के फॉर्म दुसऱ्या माणसाने परत जाऊन तपासायचे. ३०० असतील तर ३०. बाई, तुमच्याकडं कुणी आलं होतं का, काय विचारलं, किती वेळ बसले? एवढं पुरे आहे. आपला जिल्हा एकच, करमाळा काय, सांगोला काय, अक्कलकोट काय, सकाळी एसटीने निघालं की संध्याकाळपर्यंत परत. फॉर्म प्रबंधाबरोबर विभागात जमा झाले पाहिजेत आणि निदान पाच वर्षं कुलपात राहिले पाहिजेत, नावं आणि पत्ते वेगळ्या पाकिटात, फॉर्मवर नुसता नंबर. आज पदवी मिळाली की ते गठ्ठे रद्दीत जातात, मी स्वतः बघितलंय.

आणि २१२ ला २१२ म्हणू द्या. नान्नजच्या माळावर माळढोक मोजायला जाणारी माणसं दिवसभर दुर्बीण घेऊन बसतात आणि पक्षी दिसला नाही तर वहीत दिसला नाही असंच लिहितात, आणि ती न दिसल्याची नोंद त्या पक्ष्याबद्दल सगळ्यात जास्त सांगते. आपल्याकडे गृहीतक चुकीचं निघालं असं लिहिलेला प्रबंध तुम्ही शेवटचा कधी पाहिला? मी एकसुद्धा नाही. सगळ्यांची सगळी गृहीतकं सिद्ध होतात. विद्यार्थ्याला वाटतं सिद्ध झालं नाही तर नापास, आणि त्याला तसं वाटू देणारे आपणच.

तोंडी परीक्षेचं पण बोलायलाच पाहिजे. नियमाने ती खुली असते, विभागातले शिक्षक, संशोधक विद्यार्थी येऊन बसू शकतात. प्रत्यक्षात त्या दिवशी विद्यार्थी पळत असतो ते बाहेरच्या परीक्षकांची गाडी, जेवण, शेंगा चटणी, चादर हे बघायला, आणि तो खर्च तोच करतो. तो विद्यापीठाने करावा, आणि चादरीबिदरी बंद. पाहुणचाराला माझा विरोध नाही, पण ज्याचा निकाल आपल्या हातात आहे त्याच्या घरचा पाहुणचार घेऊ नये एवढं तर आपल्या आयांनी पण शिकवलंय. त्यापेक्षा त्या खोलीत मागं चार खुर्च्या त्या माणसांसाठी ठेवा ज्यांच्यावर प्रबंध लिहिलाय. विडी कामगारांवर असेल तर दोन विडीवाल्या बायका येऊ देत, दोन पानांचा सारांश मराठीत वाचा, गरज असेल तर तेलुगूत, कन्नडात सांगा. परीक्षकाला जे कळणार नाही ते त्यांना पहिल्या मिनिटात कळेल.

तक्रार करणाऱ्या पोराचं काय हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याची सही लागते त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? निदान गाइड बदलून मिळण्याची वाट लवकर मोकळी पाहिजे आणि तक्रार त्याच विभागात न राहता बाहेर गेली पाहिजे, एवढं तर आजच्या समित्यांना पण करता येईल.

त्या सात टक्केवाल्या मुलाला मी काल परत फोन केला. विचारलं, फॉर्म कुठं आहेत रे? तो म्हणाला गावाकडं आहेत मॅडम, खरंच आहेत, पण थोडे कमी आहेत. किती कमी ते त्याने सांगितलं, इथं लिहीत नाही. रविवारी तो घेऊन येतोय, आम्ही दोघं बसून मोजणार आहोत आणि मग त्याने गाइडकडं काय बोलायचं ते ठरवू. माझे २१२ माझ्या कपाटात आहेत, चौदा ठिकाणी हजार खोडून खरा आकडा लिहिलेले. कुणाला तपासायचे असतील त्याने घरी यावं, सगळे दाखवते. नावांचं पाकीट तेवढं मिळणार नाही, ते मी त्या बायकांना सांगून ठेवलंय.